गेट दोनची हसरी बाई

माझी बहीण हसरी नाही. हे आधीच सांगून टाकतो. निम्म्या शहराच्या फोनात तिचा हसरा चेहरा फिरतोय म्हणून ती हसरी होत नाही. लहानपणापासून ओळखतो मी तिला. हसवायला गेलं की उलट चिडायची. आमच्या घराण्यातच कुणी फुकटचं हसत नाही.

मी तिचा थोरला भाऊ. माझं वेल्डिंगचं दुकान आहे. शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललेली. पण माझ्या हातचं लोखंडी गेट एकदा बसलं की भिंत पडेल, गेट पडणार नाही. बंगलेवाले माझ्या दारात गाडी लावून ताटकळतात, मी त्यांच्या दारात जात नाही. आणि असा मी छाती काढून सांगतो, माझ्या बहिणीसारखी बाई तुम्हाला सापडायची नाही. तिच्याबद्दल तुम्ही जे ऐकलंत त्यातलं अर्धं खोटं आहे. उरलेलं अर्धं खरं आहे, तेही मीच सांगतो. दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकता?

ती बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. काचेला खाली अर्धगोल भोक, आणि लोक त्या भोकात तोंड घालून विचारायचे. ही आतून झापायची. "आधी घाम पुसा, मग विचारा." "अहो, तोंडातलं गिळा, मला गावाचं नाव कळत नाहीये." कुणी भांडायचं, कुणी रडायचं. एका बाईने तर तिकीट काढून येईपर्यंत तान्हं पोर त्या खिडकीतून हिच्याकडे दिलं होतं. सगळं स्थानक तिला 'चौकशी' म्हणायचं. घरीसुद्धा तेच पडलं. माझी बायको विचारायची, "चौकशी आली का? ताट वाढते."

मग वरून हुकूम आला. चौकशीच्या खिडक्या बुजवल्या, वर गिलावा केला, आणि प्रत्येक गेटाशी माणसाएवढा उंच स्क्रीन उभा केला. हिला शहराच्या दुसऱ्या टोकाला डेपोतल्या एका खोलीत नेऊन बसवलं. मागे हिरवा पडदा, समोर कॅमेरा, डोळ्यांतून पाणी काढणारा दिवा, आणि बाजूला एक छोटा स्क्रीन, त्यात गेट दोनवर काय चाललंय ते तिला दिसायचं. ती इथं बोलायची, चेहरा तिथं दिसायचा. अशा चार बायका, चार गेटं.

मी काय गप्प बसतो? माझी बहीण, माणसाएवढी, भर स्थानकात उजेडात! लोखंडाच्या व्यापाऱ्याला घेऊन गेलो, दोन कारागिरांना घेऊन गेलो. स्क्रीनपुढं उभा राहून म्हणालो, "काय गं, ओळखलंस का?"

ती म्हणाली, "आपल्याला कुठं जायचंय?"

व्यापारी खो खो हसला. मी त्याला सुनावलं, "ह्याला शिस्त म्हणतात. तुझ्या दुकानातलं पोरगं गिऱ्हाइकासमोर जांभई देतं."

पण त्या शिस्तीची गोष्ट वेगळीच होती. पहिल्या दिवसांत ती मान वळवायची, पाणी प्यायची, तर येणारेजाणारे दचकायचे. एक म्हातारी किंचाळलीच. तेव्हा साहेबाने नियम घातला. कुणी विचारत नाही तोवर हलायचं नाही. फोटोसारखं बसायचं. जागा सोडायची नाही. आणि चेहऱ्यावर थोडं हसू ठेवायचं, सतत. माझी बहीण जे करते ते पक्कं करते. ती अशी बसायला शिकली की पापणी कधी लवली ते कळू नये. मग काय, लोकांना वाटायला लागलं की हा फोटोच आहे, विचारलं की मशीन बोलतं.

आणि एकदा का समोर माणूस नाही असं वाटलं, की माणसं काय काय करतात! रात्री जेवताना ती सांगायची.

"आज एकाने दातातलं काढलं."

"बरं, मग?"

"माझ्या गालाला पुसलं."

"कोण होता? नाव सांग."

"दादा, तो काय नाव सांगून पुसतो का?"

कुणी तिच्यासमोर नाक कोरायचं, कुणी शर्ट वर करून पोटाला आलेलं गळू बघायचं. कॉलेजातली पोरं तिच्या तोंडाला तोंड लावून एकमेकांचे फोटो काढायची. भांडून आलेली एक बाई रोज तिच्यापुढं नवऱ्याला घाणेरड्या शिव्या घालायची, आणि मग डोळे पुसून गाडीत बसायची. रांगेतले बाकीचे? माना खाली, हातात फोन. त्यांच्या शेजारी कोण उभं आहे हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझी बहीण म्हणायची, "सगळ्या गर्दीत वर बघणारी मी एकटी, आणि मी तिथं नाही."

तिचं लग्न राहिलं होतं. आधी आईच्या आजारपणात गेली वर्षं, मग माझ्या पोरांच्या मागे. पस्तिशी आली. माझी बायको विचारायची, "तुला हवा तरी कसा?"

"टक्कल चालेल. दोन पोरं चालतील. कमी पगार चालेल. समोर बसल्यावर माझ्याकडे बघून बोलणारा हवा."

"बास? एवढंच?"

"वहिनी, एवढंच मिळत नाहीये."

मी म्हणालो, मी आणतो. मी शब्द दिला की दिला.

त्याच सुमारास ते म्हाताऱ्याचं झालं. एका सकाळी एक माणूस आपल्या म्हाताऱ्या बापाला धरून गेट दोनवर आला. बापाच्या एका पायात बूट, दुसरा पाय सुजलेला म्हणून त्यात चप्पल. त्याला स्क्रीनशेजारच्या बाकावर बसवलं, मांडीवर पिशवी ठेवली. "बाबा, इथंच बसा. तिकीट काढून आलोच." मग तो वळून स्क्रीनपुढं आला. विचारलं काही नाही. काचेत बघून भांग पाडला, कॉलर सरळ केली, अगदी जवळ येऊन हिच्या डोळ्यांत डोळे घालून स्वतःचे डोळे तपासले. आणि तिकिटाच्या खिडकीकडे न जाता सरळ बाहेरच्या रस्त्याला लागला.

दुपार झाली तरी म्हातारा बसलेलाच. मग उठून हिच्याकडे आला. त्याला कमी दिसायचं, त्यामुळे ही काचेतली आहे का खरी, असले प्रश्न त्याला पडत नव्हते.

"बाई, माझा मुलगा तिकिटाला गेलाय. रांग मोठी आहे का?"

"आजोबा, कुठं जायचंय तुम्हाला?"

"ते त्याला माहीत."

तिने साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, "आपलं काम गाड्यांची वेळ सांगणं. माणसं सांभाळणं नाही. जागा सोडू नकोस." मग तिने गेटवरच्या लोकांना हाका मारल्या. "अहो, निळ्या शर्टवाले, जरा या आजोबांना पोलीस चौकीपर्यंत नेता का? ताई, तुम्ही, लाल पर्सवाल्या!" निळ्या शर्टवाल्याने मान वर केली, स्क्रीनकडे बघितलं, आणि मित्राला म्हणाला, "जाहिरात आहे रे. भारी करतात हल्ली." पर्सवालीने कानात वायर घातली होती. कुणी म्हाताऱ्याच्या बाकावर पिशव्या ठेवल्या, कुणी त्याला सरकवून शेजारी बसलं आणि फोनात घुसलं. दिवसभर तो म्हातारा येऊन हिच्याशीच बोलत होता. मधे त्याने खाली ओलं केलं. लोक फोनावरची नजर न काढता त्या ओल्याला वळसा घालून गेले. ही बघत होती. संध्याकाळी तो तिला म्हणाला, "तू जा आता घरी. तुझीही वाट बघत असतील."

पाळी संपल्यावर ती बस पकडून स्थानकावर धावली. बाक रिकामा होता. झाडूवाला म्हणाला, पोलिसांची गाडी घेऊन गेली. मग आम्ही दोघांनी सरकारी दवाखाने पालथे घातले. मी दुकान बंद ठेवून गेलो होतो, सांगून ठेवतो. मोठ्या दवाखान्यात व्हरांड्यातल्या गादीवर सापडला. ही त्याच्या उशाशी बसली. "आजोबा, मी चौकशीवाली."

त्याने डोळे बारीक करून बघितलं. "ती नाही तू. ती भिंतीत असते."

"मीच हो ती. आवाज ऐका माझा."

"तिला बोलवा. मुलगा आला तर ती सांगेल त्याला मी कुठंय ते. तुला काय माहीत?"

तिच्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी गेला. बेवारस म्हणून उचलला.

मी तिला म्हणालो, "आता सोड." ती दुसऱ्या दिवशी परत पाळीवर गेली. मी माझ्या कामाला लागलो, म्हणजे स्थळाच्या. आणि मी कच्चं काम करत नाही. चष्म्याच्या दुकानातला माणूस शोधून काढला. दुकान स्वतःचं, व्यसन नाही, घरी दुसरं कुणी नाही. मी मुद्दाम त्याच्याकडे डोळे तपासायला गेलो. बोलताना फोन वाजला तर त्याने बघितलासुद्धा नाही, उलटा करून ठेवला. माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता. मी घरी येऊन जाहीर केलं, "झालं काम. ह्याचा धंदाच समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा."

तो त्याच्या मामाला घेऊन आमच्याकडे आला. माझ्या बहिणीने दार उघडलं, आणि मला तिचा चेहरा दिसला नाही, पाठ दिसत होती. पाठ एकदम ताठ झाली. मला वाटलं, लाजली.

चहा झाला. तो तिच्या समोर बसला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "तुमचे डोळे थकलेले दिसतात. फार उजेडात बसता का?"

बायकोने मला कोपर मारलं. मी फुगलो. मीच आणलेला माणूस!

मी विचारलं, "वडील?"

"गेले. शेवटचं पाणी माझ्याच हातून प्यायले."

मामा म्हणाले, "सेवा केली हो पोराने. मी लांब असतो, मला येता आलं नाही. पण सगळं एकट्याने निभावलं."

माझी बहीण हलली नाही. तोंडावर हसू, पापणी स्थिर. स्थानकावरचा तिचा चेहरा मी ओळखतो. मामा कुजबुजले, "मुलगी बोलत नाही का?"

तेव्हा ती बोलली. खिडकीतला तो जुना आवाज नाही, स्क्रीनमधला. "एका पायात बूट होता. दुसऱ्या पायात चप्पल, सुजला होता म्हणून."

"कुणाच्या?" मामा म्हणाले.

"ह्यांच्या वडिलांच्या. गेट दोनच्या बाकावर बसवून गेले हे. तिकीट काढून येतो म्हणाले."

चष्मेवाल्याने कप खाली ठेवला. "काहीतरी काय! तिथं... तिथं कुणी नव्हतं."

"म्हणजे तुम्ही होतात."

"मी बघितलं होतं नीट. कुणी नव्हतं तिथं."

"मी होते. तुम्ही माझ्यात बघून भांग पाडलात."

तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो सावरला. मला वाटलं होतं रडेल, पाया पडेल. तो हसला. "अच्छा. ती तू. मग तू काय केलंस गं? दिवसभर बघत होतीस ना? मी गेलो, तू तर तिथंच होतीस. हसत होतीस. मला आठवतंय, तू हसत होतीस!"

"हो," ती म्हणाली. "हसत होते. नियम होता."

पुढचं मी बघून घेतलं. माझ्या हातात लोखंड वाकतं, चष्मेवाल्याचं काय घेऊन बसलात? मानगूट धरून जिन्यावरून खाली सोडला, बूट मागून फेकले. मामा जागचे उठेनात. बऱ्याच वेळाने उठले, आणि दारात तिला हळूच विचारलं, "कुठलं गेट म्हणालीस?"

"दोन."

ते गेले. बायको स्वयंपाकघरात पुटपुटली, "गप्प बसली असती तर संसार झाला असता." मी ओरडलो तिच्यावर. पण माझी बहीण म्हणाली, "ओरडू नकोस, दादा. तो जे विचारत होता ते बरोबरच विचारत होता."

चष्मेवाला सुखाने बसणार होता का? दुसऱ्या आठवड्यात गेट दोनवर येऊन उभा राहिला. बरोबर दोन मित्र. "हीच ती. आतून सगळं बघते. हसणं थांबवता येत नाही तिला, नोकरी जाईल. बघा हं." आणि तिला त्याच्या बापावरून, तिच्या बिनलग्नाच्या वयावरून, अंगावरून जे जे बोलला, ते मी सांगणार नाही. तिने हसू ठेवलं. मित्राने ते फोनात घेतलं. त्याला नाव दिलं 'हसरी बाई'. झालं. गावभर फिरलं. पोरांच्या टोळ्या यायला लागल्या. डाव ठरलेला. एकाने बाकावर आडवं पडून कण्हायचं, "बाई, माझा मुलगा तिकिटाला गेला हो!" दुसऱ्याने तिचा चेहरा टिपायचा. जो तिचं हसू मोडेल तो जिंकला. जिंकला कुणीच नाही. माझी बहीण आहे ती!

मी एकदा लोखंडी सळई घेऊन गेलो. गर्दी बाजूला झाली, पण पळाली नाही. सगळ्यांनी फोन वर केले. मी सळई उगारलेली, आणि माझ्याभोवती नुसत्या काचा. एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता, सगळे त्यांच्या फोनातल्या माझ्याकडे बघत होते. हसऱ्या बाईचा पिसाळलेला भाऊ म्हणून मीही फिरलो गावभर. चांगला दिसतो मी त्यात, दंड बघा माझे. साहेबाकडे गेलो तर तो म्हणाला, "गेट दोनला सगळ्यात जास्त लोक थांबतात आता. वरचे खूश आहेत. तुम्ही कशाला मधे येता?"

मग एका दुपारी, भर पाळीत, माझी बहीण खुर्चीवरून उठली. कानावरचा हेडफोन काढून ठेवला, बसमध्ये बसली आणि गेट दोनवर गेली. तिने मला नंतर सगळं सांगितलं, एकेक शब्द. स्क्रीनमध्ये रिकामी खुर्ची आणि हिरवा पडदा दिसत होता. एक म्हातारी खुर्चीला विचारत होती, "बाई, माझी गाडी कुठं लागते?" आणि खुर्ची उत्तर देत नाही म्हणून थांबून राहिली होती. चष्मेवाला आणि चारपाच पोरं तिथंच. एकजण बाकावर पडून कण्हत होता, बाकीचे रिकाम्या खुर्चीचा व्हिडिओ घेत होते. "आता येईल. लघवीला गेली असेल."

माझी बहीण जाऊन त्यांच्या आणि स्क्रीनच्या मधे उभी राहिली. खरी. हाडामांसाची. त्यांच्याकडे तोंड करून.

चष्मेवाल्याने फोनावरून डोळे वर केले, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. मधे येताय."

ती बाजूला झाली. त्या म्हातारीला हाताला धरून तिच्या गाडीत बसवून आली. मग माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "दादा, नोकरी सोडली. हिशेबाला बसते इथं." मी लगेच तिच्यासाठी लोखंडी टेबल केलं, चारही पाय जमिनीत गाडून. कुणी हलवून दाखवावं.

पण मी शब्द दिला होता. मी अजून एक माणूस आणला. बाहेरगावचा, बायको गेलेली, एक मुलगी, बोलायला साधा. माझी बहीणसुद्धा म्हणाली, "ये म्हणावं. शेवटचं बघते." संध्याकाळी आला. तो समोर बसला, ती समोर बसली. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जमलं.

"अहो, तुम्ही तर त्या! गेट दोनच्या!"

त्याने खिशातून फोन काढला, त्यांच्या दोघांच्या मधे धरला आणि म्हणाला, "माझ्या मुलीला खरं वाटणार नाही. एकदाच हसा ना. तसं."

मी उठणार होतो. तिने हात करून मला बसवलं. तोंडावर हसूबिसू काही नव्हतं. ती त्या फोनकडे बघून म्हणाली, "तुमच्या गावची शेवटची गाडी आता सुटेल. गेट चारवरून. लगेच निघालात तर मिळेल."

"अरे बापरे," तो म्हणाला. फोन खिशात, चपला पायात, आणि पळत गेला. आम्ही जिन्यावरून त्याची पावलं ऐकली.

बायको म्हणाली, "तिकडची गाडी इतक्या लवकर बंद होते?"

"नाही," माझी बहीण म्हणाली. "आहेत ना अजून. रात्रीपर्यंत आहेत. पण चारवर लागत नाहीत." आणि कप उचलून आत धुवायला घेऊन गेली.